अर्ध्या पुस्तकाला जामीन

"त्या पोराला मारायची काय गरज होती गं त्या लेखकाला?"

फोन ओट्यावर ठेवलेला, माझे दोन्ही हात पिठात, तव्यावर भाकर फुगत आलेली, आणि फोनमधून खोपोलीवालीचा आवाज येतोय. "तूच सांग आता. तू जामीन राहिलीस ना पुस्तकाला. मी काल संपवलं, मला घास गिळला नाय. येवढं गोड पोर, त्याला नदीत घालवायचं? तुला कसं वाटलं गं शेवटाला?"

मला कसं वाटलं? मला काय माहीत! मी शेवट वाचलाच नव्हता.

भाकर जळली. मी तशीच उभी. पोरगी पायाला मिठी मारून "आई भू, आई भू" करतेय, सासू बाहेरून ओरडतेय, "अगं वास कसला येतोय, झोपलीस का?" आणि माझ्या डोक्यात एकच, की ते पुस्तक आता माझ्याकडं नाय. ते मोहोपाड्याला गेलंय. मीच पाठवलंय, दुधाच्या टेंपोतून, फडक्यात बांधून. आणि जिच्याकडं गेलंय तिला मी सांगितलंय की त्यात लेकराला काय होत नाय.

मी तशाच पिठाच्या हातानं तिला फोन लावला. रिंग जातेय, जातेय, कोण उचलत नाय. परत लावला. परत नाय. मग आठवलं, तिच्या नवऱ्याचा फोन पडून फुटलाय, हल्ली तो तिचाच फोन घेऊन कंपनीत जातो. आणि कंपनीत फोन आत नेऊन देत नायत, गेटवर जमा करतात. म्हणजे तिचा फोन आता कुठल्यातरी गेटवर खोक्यात वाजतोय, आणि ती घरी एकटी, पोट घेऊन, ते पुस्तक वाचतेय.

तिच्याबद्दल तुमाला सांगायला पायजे. ती आणि मी दवाखान्यात शेजारी शेजारी होतो. माझी पोरगी झाली तेव्हाची गोष्ट. तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच आलं आणि राहिलं नाय. तिला जागा कुठं दुसरी देणार, वॉर्ड भरलेला, म्हणून ती तिथंच, माझ्या बाजूच्या खाटेवर. माझी पोरगी रडली की ती भिंतीकडं तोंड करायची. मला तर पोरीला पाजायची पण लाज वाटायची, मी पदर येवढा ओढून घ्यायची की पोर गुदमरेल. आमी बोललो नाय. काय बोलणार? मग एका दुपारी पोरगी काय केल्या गप्प बसेना, मी रडकुंडीला आलेली, तर ती भिंतीकडनं वळली आणि बोलली, "वाचून दाखवू का काय? माझ्याकडं पुस्तक हाय." मला वाटलं हिचं डोकं फिरलं. पण तिनं पिशवीतनं कादंबरी काढली आणि वाचायला लागली, मोठ्यानं, सावकाश. माझी पोर गप्प झाली. वॉर्डातल्या बाकीच्या बायका पण गप्प झाल्या. माझ्या पोरीनं जन्माला आल्यावर पहिली गोष्ट ऐकली ती तिच्या तोंडून.

माझी शाळा नववीत सुटली. वाचता येतं, पण बोट ठेवून. जोडाक्षर आलं की थांबते. घरी आल्यावर मला त्या कादंबरीचं पुढं काय झालं त्याचा घोर लागला, मी तिला फोन केला, तर ती बोलली, "मी कशाला सांगू, पाठवते, तूच वाच." असं सुरू झालं ते. मी काय वाचते, ती काय वाचते, हे वाच, ते नको वाचूस, रडवतं.

आमच्या वस्तीत विहार हाय, त्याच्यात पुस्तकांचं कपाट हाय. चावी एका मावशीकडं असते, बालवाडीची बाई होती ती, आता घरीच असते. रविवारी वंदना झाली, झाडलोट झाली की आमी बायका कपाट उघडतो. लग्न होऊन खोपोलीला, चौकला, कुठं कुठं गेलेल्या वस्तीतल्या पोरी पण फोनवरच्या ग्रुपमधे हायत. मोहोपाडेवालीला मी घातलं ग्रुपमधे. रविवारी एकेक जण आवाजातच सांगते, लिहायला कुणाला वेळ हाय, की सध्या काय वाचतेय आणि पुढं कुणी काय वाचावं. आणि एक पद्धत हाय आमची. बचत गटात एकीच्या कर्जाला दुसरी जामीन राहते ना, तसं आमच्यात पुस्तकाला जामीन राहायचं. जी बोलेल "हे वाचाच," ती जामीन. मग पुस्तक फालतू निघालं, मधेच पानं गेलेली निघाली, कुणाला वाचून त्रास झाला, तर तिनं ऐकून घ्यायचं. मावशीनंच काढलं ते, कारण पहिलं कुणीपण कायपण सांगायचं.

आणि मोहोपाडेवालीचा एक प्रश्न असतो. प्रत्येक पुस्तकाला. ग्रुपवर नाय विचारत, जी जामीन असेल तिला एकटीला विचारते. "बाय, लेकराला काय होत नाय ना त्यात?" येवढंच. बाकी खून असू दे, मारामारी असू दे, नवरा टाकून जाऊ दे, तिला चालतं. सगळ्यांना तिचा प्रश्न माहीत हाय, सगळ्या खरं सांगतात. एकदा एकीनं सांगितलं, "होतं गं, पण शेवटाकडं, थोडंसंच." तर तिनं ते पुस्तक हातात पण घेतलं नाय.

आता ती परत पोटुशी. दिवस जवळ आलेले. पाय सुजलेले, बीपी वाढलेलं, डॉक्टर बोललाय पडून राहा, मनाला त्रास नको. पडून पडून काय करणार? वाचणार.

मग मी असं का केलं?

ती नदीवाली कादंबरी आमच्या कपाटात आली, दोन प्रती, कुणीतरी दानात दिलेल्या. एक मी उचलली. एक बाई हाय, नवऱ्याचं घर सोडून पोराला कडेवर घेऊन नदीपलीकडं जाते, आणि तिथं खानावळ घालते. येवढं हसवतं ना ते! तिथला नावाडी रोज जेवायला येतो आणि रोज भाजीला नाव ठेवतो. पोरगं त्याच्या नावेत बसून त्याच्यासारख्याच शिव्या शिकतं. मी भाकऱ्या करताना हसायची एकटीच. पण माझं वाचणं म्हणजे पोरगी झोपली की दोन पानं, तिला जाग आली की बंद. रविवारामागनं रविवार गेले, मी आपलं, "चालू हाय, चालू हाय."

एका रविवारी खोपोलीवाली बोलली, "हिची एक कादंबरी संपेपर्यंत हिची पोरगी शाळेत जायला लागेल. मग तीच वाचून दाखवील आईला." सगळ्या हसल्या. मी पण हसली. वाईट नाय हो ती, तिची जीभच तशी. पण मला लागलं. मी अर्ध्यावर होती. आणि तोंडातनं निघून गेलं, "संपली माझी. येवढी भारी हाय, वाचाच."

मावशी बोलली, "जामीन राहतेस?"

"राहते."

मला किती बरं वाटलं, काय सांगू. सगळ्या मला विचारायला लागल्या, काय हाय त्यात, कुणाची हाय. खोपोलीवालीनं दुसरी प्रत लगेच मागून घेतली. आजपर्यंत मी नुसती घेणारी होती. मोहोपाडेवालीनं मला किती पुस्तकं दिली, मी तिला एक दिलं नव्हतं कधी. आणि संध्याकाळी तिचा आवाज आला, दमलेला. "बाय, तू सांगितलंस तेच पाठव मला. लेकराला काय होत नाय ना त्यात?"

मी पोरीला पाजत होती. मला अर्धं पुस्तक माहीत होतं, त्या अर्ध्यात पोरगं हसतंय, खेळतंय. हसवणाऱ्या पुस्तकात काय होणार हाय? असं मी धरून चालली. "नाय गं, काय होत नाय. बिनधास्त वाच," मी बोलली. आणि सकाळी पुस्तक बांधून दुधाच्या टेंपोत दिलं. मला वाटलं, तिचं वाचून झालं की मागून घेईन आणि राहिलेलं वाचीन गुपचूप.

असं झालं ते.

मी गॅस बंद केला, पोरीला उचललं. सासू दारात. "कुठं निघालीस?"

"मोहोपाड्याला, आई."

"काय झालं? बाळंत झाली का ती?"

"नाय. तिनं ते पुस्तक वाचायच्या आधी मला पोचायला पायजे. त्यात पोरगं मरतं."

सासूनं माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, मग उन्हाकडं. "पुस्तकातलं पोर मेलं म्हणून तू खरं पोर घेऊन उन्हात चाललीस?"

मी चपला घातल्या. ती आत गेली. मला वाटलं आता ऐकवील, तर ती पोरीची टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन आली. "भाकर जळवलीस ती कोण खाणार ते पण सांगून जा," येवढंच बोलली.

कडावच्या नाक्यावर सहा सिटांचा विक्रम मिळाला कर्जतचा. मी धापा टाकतेय, पोरगी टोपी काढून फेकतेय, मी परत घालतेय. बाजूला एक बुरख्यातली म्हातारी बाय होती, मांडीवर माशांची पिशवी. तिनं विचारलं, "काय गं बाय, कोण आजारी हाय का?"

आणि माझ्या तोंडातनं काय निघावं? "पोरगं नदीत गेलं."

सगळा विक्रम हलला. "कुणाचं? कुठल्या नदीत?" ड्रायव्हरनं गाडी बाजूलाच घेतली. समोरचा माणूस फोन काढायला लागला. मला रडू फुटलं, मी बोलली, "नाय हो नाय, पुस्तकात. पुस्तकात गेलं."

"पुस्तकात!" ड्रायव्हर बोलला. "ताई, मी ब्रेक मारला ना हो." सगळे हसले. समोरचा बोलला, "बायकांना फोन कमी पडला म्हणून आता पुस्तकं." मी तोंड खाली घातलं. पण ती म्हातारी हसली नाय. तिनं माझ्या पोरीची टोपी उचलून परत डोक्यावर घातली आणि बोलली, "पुस्तकातलं असलं तरी पोर पोरच ना रं." ड्रायव्हरनं गाडी परत चालू केली.

कर्जतहून चौकला एसटी, चौकहून परत विक्रम. सगळा वेळ मी एकच घोकत होती, की तिचं तिथपर्यंत वाचून झालेलं नसू दे. कुठपर्यंत, ते पण मला माहीत नाय. कुठल्या पानावर हाय, काय ठाऊक. मी तर खोपोलीवालीला उलटा फोन पण केला नाय. केला असता तर कळलं असतं की मी वाचलेलं नाय. बघा, तेव्हापण मला त्याचीच लाज जास्त.

तिची खोली कंपनीच्या कॉलनीच्या मागं, चाळीत. दार लोटलेलं. ती कॉटवर, पाय उशीवर, आणि पुस्तक पोटावर पालथं.

"अगं!" तिचा चेहरा येवढा खुलला. "तू कशी आलीस? एकटी? आणि ही ठमी केवढी झाली!"

मी तिच्या डोळ्यांकडं बघितलं. रडलेले नव्हते. मी पोरीला कडेवरनं उतरवलं. "सहज आली गं. तुला बघायला."

"सहज? कडावहून मोहोपाड्याला सहज?" ती हसली. "कायपण. पण बरं झालं. सकाळपासून डोळ्यापुढं काजवे येतायत, अक्षरं हलतात. डॉक्टर बोललाच होता, असं झालं तर वाचन बंद करा. इथं अडकलेय बघ. त्या नावाड्याला ताप आलाय आणि ते पोरगं त्याला पेज घेऊन चाललंय. तू वाच पुढं."

"चहा टाकते आधी."

"चहा मग. वाच आधी. दवाखान्यात मी वाचलं, आता तू वाच. तुझं तर वाचून झालंय, तुला सोपं जाईल."

नाय कसं बोलणार? मी पुस्तक हातात घेतलं. तेच पान. मी कधी न बघितलेलं. उजव्या हाताला जी पानं राहिली होती त्यात कुठंतरी ते होतं, आणि मी त्याच्याकडं तिला हात धरून घेऊन चाललेली.

मी बोट ठेवलं आणि वाचायला लागली. एकेक ओळ, अडखळत. डोळे पुढच्या ओळीवर, तोंड मागच्या ओळीवर. पोरगं पेज घेऊन निघतं. काठावर येतं. नावाडी नाय. नाव सुटून पाण्यात डोलतेय. ती डोळे मिटून ऐकतेय, एक हात पोटावर. माझी पोरगी तिच्या पायांशी बसून उशीच्या टोकाशी खेळतेय. पान उलटलं. आई हाका मारतेय. लोक जमतायत. आणि मी वाचून गेली, थांबायच्या आत वाचून गेली, "काठावर त्याची एक चप्पल सापडली."

ती डोळे उघडून माझ्याकडं बघतेय.

पुढची ओळ माझ्यासमोर होती. ती मी तुमाला सांगत नाय. मी बोट तिच्यावरच ठेवलं आणि बोलली, "आणि… आणि थोडं पुढं… जां… जांभळीच्या झाडाखाली…"

"हं?"

"जांभळीच्या झाडाखाली दुसरी चप्पल. आणि तो… तिथंच. झोपला होता. पेज सगळी पिऊन."

ती येवढी हसली! "मेल्यानं नावाड्याची पेज पिली काय!" मला पण हसू आलं आणि रडू पण. मग मी थांबलीच नाय. डोळ्यानं एक बघत होती, तोंडानं दुसरं बोलत होती. पानावर त्या बाईनं खानावळ बंद केली, चूल विझली. मी बोलली, तिनं पोराला कानाला धरून घरी आणलं, मग जवळ घेतलं, मग नावाड्याला दुसरी पेज पाठवली. पानं उलटत गेली, रिकामी उलटावी तशी. माझं अडखळणं त्या दिवशी कामाला आलं. नवीन शब्द सुचेपर्यंत थांबली तरी तिला वाटायचं जोडाक्षर आलं. आयुष्यभर ज्याची लाज बाळगली त्याच्याच आड लपली मी.

"संपलं," मी बोलली आणि पुस्तक मिटलं.

"संपलं? अजून येवढी पानं हायत की."

"त्या जाहिराती हायत. दुसऱ्या पुस्तकांच्या."

तिनं मान डोलावली. मग तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. "बघ, लाथा मारतोय. त्याला पण आवडलं." मग बोलली, "म्हणून मी तुलाच विचारलं गं. बाकीच्या चांगलं पुस्तक असलं की झालं, देतात. तू माझ्यासाठी म्हणून वाचलंस आधी."

माझा हात तिच्या पोटावर होता. मला तो काढता येईना.

तेव्हा सांगायला पायजे होतं का? बीपी वाढलेलं, पाय सुजलेले, नवरा कंपनीत, फोन गेटवर. मी नाय सांगितलं. चहा केला, तिला भात लावून दिला, आणि निघताना बोलली, "मावशीनं पुस्तक परत मागितलंय." हे पण खोटं. पुस्तक पोरीच्या कपड्यांच्या पिशवीत तळाला घातलं आणि आणलं. चोरल्यासारखं.

घरी सासू दारातच. "मेलं का पोर?"

"नाय आई. वाचलं."

"कुणी वाचवलं?"

"मीच."

ती काय समजली काय माहीत. "मग आता जेव," बोलली.

मला वाटलं मिटलं. मला रविवार आठवलाच नाय.

रविवारी विहारात आमी सगळ्या कपाटासमोर बसलेलो, मावशीच्या फोनवर सगळ्यांचे आवाज ऐकतोय. आणि तिचा आवाज आला, मोठा, ताजा. "सगळ्यांनी ऐका, मी ती नदीवाली कादंबरी संपवली. माझ्या मैतरणीनं उन्हातनं येऊन वाचून दाखवली. मला वाटलं होतं पोरगं गेलं, चप्पल सापडली तेव्हा माझा श्वासच थांबला, पण नाय, जांभळीखाली झोपलेलं, पेज पिऊन! असा शेवट पायजे पुस्तकाला. मी पण जामीन राहते त्याला."

खोपोलीवालीनं खरा शेवट एकेकीला फोन करून सांगून झालेला. सगळ्या माझ्याकडं बघतायत. मी कपाटाच्या कडीकडं. फोनवर खोपोलीवालीचं काहीतरी लिहून आलं, मावशीनं चष्मा लावेपर्यंत ते गेलं, नुसतं 'हा मेसेज डिलीट केला' राहिलं. मग मावशीनं फोन तोंडाजवळ घेतला. माझ्याकडं बघतच बोलली, "हो बाय. जांभळीखालीच असतो तो. मला पण तोच भाग आवडला." मग दुसरी बोलली, "पेज पिऊन, हो." मग तिसरी. सगळ्यात शेवटी खोपोलीवालीचा आवाज आला, "लबाड हाय मेलं पोरगं."

आणि दुपारी खोपोलीवालीचा मला फोन. "मी तुला काय बोलत नाय. पण तुझ्यापायी आमी सगळ्या खोट्या पडलो बघ. आता ती कुणालापण विचारील ना, लेकराला काय होत नाय ना, तर तिला खरं कोण सांगणार? आणि सांगितलं तर तिनं का मानायचं?"

मी फोन ठेवला आणि मावशीकडं गेली.

मावशी येवढंच बोलली, "आता तिला सुखरूप सुटू दे. मग तू सांग. दुसरी कुणी नाय, तू. जामीन तू होतीस."

ती सुटली. मुलगा झाला, चांगला हाय, रडका हाय. मी बघून आली, पोरीचं जुनं अंगडं घेऊन गेली. मावशीनं सांगितलं होतं तसं सांगायला म्हणून गेली होती. पण ती बाळाला घेऊन बसलेली, केस मोकळे, एक बट बाळाच्या मुठीत, आणि मी अंगडं ठेवून चहा पिऊन परत आली.

पुस्तक आमच्या तांदळाच्या पिंपात हाय, वर तांदूळ. कपाटात परत ठेवलं तर कुणी देईल तिला, म्हणून. राहिलेलं अजून मी नीट वाचलेलं नाय. हात लावला की ती ओळ दिसते.

आणि आज सकाळी तिचा आवाज आला. मागं बाळ कुरकुरतंय. "बाय, डॉक्टर बोलला आता वाचलं तरी चालतंय. पहिलं तेच पाठव. नदीवालं. ह्याला मांडीवर घेऊन माझ्या तोंडानं वाचून दाखवीन म्हणते, तू वाचलंस तसं. उद्याच्या दुधाच्या टेंपोत दे."

मी परत परत ऐकला तो आवाज. सासूनं पण ऐकला, तांदूळ काढायला आली होती, पिंपाचं झाकण तिच्या हातात. ती बोलली, "उद्या टेंपो लवकर येतो, काय ते ठरव," आणि झाकण तसंच उघडं टाकून गेली.

पोरगी झोपलीय. पुस्तक तांदळातनं काढून समोर ठेवलंय, पानांत कणी अडकलीय ती मी झटकतेय. फडक्यात बांधून द्यायचं, की तिला फोन करून सांगायचं, की हरवलं बोलायचं आणि आणखी एक खोटं त्याच्यावर ठेवायचं. कायपण ठरवायला गेली की डोळ्यापुढं तिच्या मांडीवरचं ते पोर येतं.

तुमी पण वाचणाऱ्याच. तुमी पण कुणाला ना कुणाला सांगितलं असेल, हे वाच, ह्यात काय होत नाय. तुमी तिच्या खोलीत ती ओळ वाचली असती का? आणि आता, उद्याच्या टेंपोत, तुमी काय दिलं असतं?